वाचकांचे प्रश्न : छोटा प्रिंटर, तारेने आणि बिनतारी

पावत्या आणि लेबलं छापणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या थर्मल प्रिंटरच्या जोडणीविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरं वाचण्याआधी एक काम करून ठेवा. प्रिंटर बंद करा, कागद पुढे सरकवायचं बटण दाबून धरा, ते न सोडता पॉवरचं बटण दाबा. दोन-तीन सेकंदांनी दोन्ही सोडली की बहुतेक प्रिंटर स्वतःची चाचणी-पट्टी छापतात. त्या पट्टीवर ब्लूटूथचं नाव, पिन, सिरियलचा (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीचा) वेग, अक्षरसंच आणि वाय-फाय असेल तर आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक), असं बरंच काही मिळतं. पट्टी स्वच्छ आली, तर प्रिंटहेड आणि कागद यांची काळजी सोडा. दोष बहुधा जोडणीत आहे. पट्टी कोरी आली, तर बहुधा रोल उलटा बसला आहे. थर्मल कागदाच्या एकाच बाजूला रसायन असतं. नखाने ओरखडल्यावर जी काळी पडते, ती बाजू प्रिंटहेडकडे हवी.

प्रश्न : ५८ मिलिमीटरचा प्रिंटर यूएसबीने लॅपटॉपला जोडला. चार्जिंगचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला प्रिंटरचा पत्ताच नाही. प्रिंटर बिघडलेला आहे का?

आधी केबलवर संशय घ्या. यूएसबी २ च्या केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. दिवा लागतो तो विजेच्या तारांमुळे, त्यावरून माहितीचा रस्ता आहे की नाही हे कळत नाही. तीच केबल फोनला लावून लॅपटॉपवर एखादा फोटो उतरवून पाहा. फोटो उतरला तर केबल चांगली.

दुसरी गंमत टाइप-सी सॉकेटची. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की समोर उपकरण आहे हे लॅपटॉप सीसी नावाच्या पिनवरून ओळखतो. त्यासाठी उपकरणाच्या आत त्या पिनवर ५.१ किलोओहमचा रोधक लागतो. काही उत्पादक तो वाचवतात. मग अशा केबलवर प्रिंटर चार्जही होत नाही आणि दिसतही नाही, पण एका टोकाला जुना चपटा, म्हणजे टाइप-ए प्लग असलेल्या केबलवर दोन्ही गोष्टी सुरळीत होतात. तुमचा दिवा लागतो आहे, त्यामुळे तुमच्याकडे हे कारण नसावं. मात्र दिवाच लागत नसेल त्यांनी प्रिंटर दुरुस्तीला देण्याआधी ए-ते-सी केबल लावून पाहावी.

केबल ठीक निघाली, तर प्रिंटर चालू आहे ना हे पाहा. बंद प्रिंटरही चार्ज होतो, पण संगणकाशी बोलत नाही. मग विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर उघडं ठेवून केबल काढा-घाला आणि यादीत काय हलतं ते पाहा. 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' अशी नोंद आली, तर प्रिंटर स्वतःला प्रिंटर म्हणवतो आहे. 'कॉम' आणि पुढे आकडा आला, तर तो स्वतःला सिरियल पोर्ट म्हणवतो आहे. मग छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच कॉम क्रमांक निवडायचा, यूएसबी नाही. पिवळं उद्गारचिन्ह आलं, तर आतल्या सिरियल चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला ओळखणारा प्रोग्रॅम, संगणकात नाही. सीएच३४०, पीएल२३०३ आणि सीपी२१०२ या चिप नेहमी भेटतात, प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळा. लिनक्सवर प्रिंटर आणि सिरियल या दोन प्रकारांना अनुक्रमे 'एलपी' आणि 'डायलआउट' या गटांची परवानगी लागते. डेबियन आणि उबुंटूवर 'परवानगी नाही' असा संदेश आला, तर आपलं नाव त्या गटात घालून पुन्हा लॉगिन करायचं.

प्रश्न : यूएसबीवर प्रिंटर गेल्या आठवड्यापर्यंत छापत होता. आता विंडोज 'ऑफलाइन' म्हणतं आणि कामं रांगेत साचतात. केबल बदलून पाहिली.

केबल बदलताना लॅपटॉपचं सॉकेटही बदललं का? ज्या प्रिंटरला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, तो दुसऱ्या सॉकेटमध्ये गेला की विंडोज त्याला नवा पाहुणा समजतं आणि यूएसबी००१ ऐवजी यूएसबी००२ किंवा ००३ असा पोर्ट देतं. ड्रायव्हर मात्र जुन्याच पोर्टवर कागद पाठवत बसतो. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स या पानावर जा, नव्या क्रमांकावर खूण करा, साचलेली कामं रद्द करा. मूळ सॉकेटमध्ये केबल परत लावली तरी चालतं.

तिथे असतानाच कागदाचा आकारही तपासा. ए४ निवडलेला असेल, तर पावती मुंगीएवढी येते किंवा मजकुरानंतर हातभर कोरा कागद बाहेर पडतो.

प्रश्न : फोनच्या सेटिंगमध्ये प्रिंटर 'पेअर्ड' दिसतो, पण बिलाचं ॲप 'कनेक्ट होत नाही' म्हणतं. कधी कधी मात्र लगेच होतं. असं का?

पेअर होणं म्हणजे ओळख होणं. कनेक्ट होणं म्हणजे फोन उचलून बोलायला लागणं. बहुतेक थर्मल प्रिंटर ब्लूटूथच्या सिरियल पोर्ट प्रोफाइलवर, म्हणजे एसपीपीवर बोलतात, आणि त्यात ॲप जेव्हा संपर्काची रेषा उघडतं तेव्हाच जोडणी होते. त्यामुळे अँड्रॉइडच्या यादीत प्रिंटरखाली 'कनेक्टेड' दिसत नसेल तर तो दोष मानू नका. तिथे वारंवार टिचक्या मारून काही होत नाही. इयरफोनसारखा तो सेटिंगमधून जोडला जात नाही.

'कधी कधी होतं' हे तुमच्या प्रश्नातलं खरं सूत्र आहे. बहुतेक छोटे प्रिंटर एका वेळी एकाच फोनशी बोलतात. दुसऱ्या फोनवरचं ॲप मागे उघडं राहिलं असेल, तर रेषा त्याच्याकडे अडकलेली असते. तो फोन खिशात झोपलेला असला तरी रेषा सुटत नाही. त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, प्रिंटर बंद-चालू करा आणि मग आपल्या फोनवरून प्रयत्न करा. लगेच जोडला गेला, तर कारण सापडलं. कायमचा उपाय ॲपच्या सेटिंगमध्ये असतो : प्रत्येक पावतीनंतर जोडणी सोडायची.

दुसरं कारण परवानगीचं. अँड्रॉइड १२ पासून ॲपला 'जवळची उपकरणं' ही वेगळी परवानगी लागते. ती नाकारलेली असेल तर पेअर झालेला प्रिंटरही ॲपला दिसत नाही. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये नवा प्रिंटर शोधायला लोकेशनची परवानगी लागते आणि लोकेशन चालूही असावं लागतं. प्रिंटरचा आणि लोकेशनचा काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. आसपासची ब्लूटूथ उपकरणं पाहून माणूस कुठे आहे हे ओळखता येतं, म्हणून ती अट होती.

तरीही जमलं नाही, तर फोनमधून प्रिंटर 'विसरून' पुन्हा पेअर करा. पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. नक्की कोणता ते चाचणी-पट्टीवर असतं.

विंडोजवर एक वेगळाच खड्डा आहे. एसपीपी प्रिंटर पेअर केल्यावर ब्लूटूथच्या जास्तीच्या सेटिंगमध्ये कॉम पोर्टच्या पानावर कधी दोन पोर्ट दिसतात, एक 'आउटगोइंग' आणि एक 'इनकमिंग'. आपल्याला आउटगोइंग हवा. इनकमिंगवर पाठवलेलं काम कुठेही पोचत नाही, आणि चूक कुठे झाली हे विंडोजही सांगत नाही.

प्रश्न : हाच प्रिंटर अँड्रॉइडवर चालतो, आयफोनच्या ब्लूटूथ यादीत येतच नाही.

आयफोनवर एसपीपी सर्वांना खुलं नाही. त्यासाठी उपकरणाला ॲपलच्या एमएफआय कार्यक्रमाची मान्यता लागते. उरतो तो ब्लूटूथ लो एनर्जीचा, म्हणजे बीएलईचा मार्ग. तुमच्या प्रिंटरमध्ये बीएलई असेल तर त्याला सेटिंगमध्ये शोधू नका, थेट छपाईच्या ॲपमध्ये शोधा. बीएलई उपकरणं तिथेच सापडतात. काही प्रिंटर दोन नावांनी दिसतात, एक एसपीपीसाठी आणि एक बीएलईसाठी. खोक्यावर फक्त 'ब्लूटूथ २.०' किंवा '३.०' लिहिलं असेल, तर बीएलई नाही. ते ४.० आवृत्तीत आलं.

प्रश्न : इंग्रजी पावती व्यवस्थित येते, मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं. दुसऱ्या ॲपमधून मराठी येतं, पण छपाई फारच रडतखडत होते. जोडणी बदलली तर फरक पडेल का?

पडेल, आणि किती ते मोजून सांगता येतं.

प्रिंटरच्या स्मृतीत इंग्रजी अक्षरांचे साचे असतात. ॲप 'ए' हा एक बाइट पाठवतं, प्रिंटर साचा काढून छापतो. देवनागरीचे साचे बहुतेक छोट्या प्रिंटरमध्ये नसतात, आणि असते तरी 'क्ष', 'र्क' किंवा 'कि' जुळवायचं काम त्या चिपला झेपत नाही. अशा ठिकाणी प्रश्नचिन्हं उमटतात. अक्षरसंच, म्हणजे कोड पेज बदलून हे सुटत नाही. त्यात वेळ घालवू नका. ॲपने मजकूर फोनवरच चित्र म्हणून रेखाटायचा आणि ते चित्र ठिपक्यांच्या रूपात पाठवायचं, हाच मार्ग. सेटिंगमध्ये 'इमेज', 'ग्राफिक' किंवा 'बिटमॅप' छपाई असं काहीतरी असतं ते हेच.

आता हिशेब. ५८ मिलिमीटरच्या रोलवर छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर असते. मिलिमीटरला ८ ठिपके धरले की एका ओळीत ३८४ ठिपके, म्हणजे ४८ बाइट. १० सेंटिमीटर लांब पावतीत अशा ८०० ओळी. ८०० गुणिले ४८ म्हणजे ३८,४०० बाइट. तेवढीच लांब इंग्रजी पावती ३२ अक्षरांच्या सव्वीस-सत्तावीस ओळींची, हजार बाइटच्याही आत.

सिरियल केबलचा वेग सेकंदाला ९६०० बिट असेल, तर सेकंदाला ९६० बाइट जातात, कारण आठ बिटांच्या प्रत्येक बाइटसोबत सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन बिट धरून दहा बिट लागतात. इंग्रजी पावती एका सेकंदात गेली, मराठी पावतीला ४० सेकंद. तोच वेग १,१५,२०० केला की साडेतीन सेकंदांच्या आत. बीएलईमध्ये पाकिटाचा आकार वाढवून घेतला नाही, तर एका खेपेला २० बाइट जातात. म्हणजे १,९२० खेपा, आणि प्रत्येक खेपेची पोच घेतली तर मिनिटभर सहज जातं. ॲपने आधी मोठ्या पाकिटाची बोलणी केली आणि १८२ बाइटची खेप मिळाली, तर २११ खेपांत काम आटोपतं. ॲपच्या सेटिंगमध्ये 'एमटीयू' दिसलं तर ते हेच. एसपीपी, यूएसबी आणि वाय-फाय यांच्यावर हा अडथळा नसतो. तिथे प्रिंटरच्या मोटारीचा वेगच आड येतो.

तुमच्या प्रिंटरला एसपीपी आणि बीएलई दोन्ही असतील आणि फोन अँड्रॉइड असेल, तर ॲपमध्ये एसपीपी निवडा.

प्रश्न : पावतीचा वरचा भाग ठीक येतो, मध्येच लोगोपाशी किंवा त्यानंतर गिचमिड अक्षरांची मीटरभर पट्टी निघते. प्रिंटर बंद करावा लागतो.

गिचमिड कुठून सुरू होते हे बघितल्याबद्दल आभार, त्याशिवाय उत्तर देता आलं नसतं. पहिल्याच अक्षरापासून गिचमिड असती, तर सिरियलचा वेग दोन्हीकडे वेगळा आहे असं सांगितलं असतं. मध्येच सुरू होते म्हणजे वाटेत बाइट हरवतात.

चित्राची आज्ञा प्रिंटरला आधीच सांगते की एवढ्या रुंदीचं, एवढ्या उंचीचं चित्र येतंय, इतके बाइट मोज. आज्ञेसकट काही बाइट हरवले की प्रिंटरला पुढचे चित्राचे बाइट अक्षरं वाटतात, आणि तो ती इमानेइतबारे छापत सुटतो. उलटंही होतं : चित्रातले थोडे बाइट कमी पडले, तर प्रिंटर वाट पाहत थांबतो आणि पुढच्या पावतीची सुरुवात गिळून मोजणी पूर्ण करतो. पावतीचं डोकं गायब झालं तर हेच समजा.

सिरियल केबलवर याचं कारण बहुधा फ्लो कंट्रोल नसणं. प्रिंटरचा बफर, म्हणजे आलेले बाइट साठवायची जागा, छोटी. ती भरली की 'थांब' म्हणायला एकतर डीटीआर-डीएसआरच्या तारा हव्यात किंवा एक्सऑन-एक्सऑफ ही सोय दोन्ही बाजूंना चालू हवी. एकाच बाजूला चालू असून उपयोग नाही. दोन्ही शक्य नसेल, तर ॲपमध्ये चित्र २४ ओळींच्या पट्ट्यांत तोडून पाठवायची सोय आहे का पाहा. एक पट्टी १,१५२ बाइटची होते. ती छोट्या बफरमध्येही मावते आणि मध्ये थोडा दम घेता येतो.

ब्लूटूथ एसपीपी आणि वाय-फायवर मात्र 'थांब' म्हणायची सोय मुळातच असते. तिथे शेवट कापला जात असेल, तर ॲप शेवटचा बाइट पाठवल्या पाठवल्या जोडणी तोडतं हे कारण असतं. ॲप बनवणाऱ्याला एवढंच सांगा : पाठवून झाल्यावर सेकंदभर थांबून मग तोडा.

आणि लोगोपाशी जोडणी तुटून प्रिंटरचा दिवा पुन्हा सुरुवातीसारखा लुकलुकत असेल, तर बॅटरी. थर्मल हेडला काळा ठिपका तापवायला वीज लागते. ओळीत जितकं काळं जास्त, तितकी ओढ मोठी. थकलेल्या बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) त्या क्षणी कोसळतो आणि प्रिंटर आतून पुन्हा सुरू होतो. चार्जरची केबल लावून फरक पडतोच असं नाही, कारण साधा यूएसबी २ पोर्ट अर्धा अँपिअरच देतो. छपाईची गडदता एक पायरी कमी करा, भरीव काळ्या लोगोऐवजी रेषांचा लोगो वापरा.

प्रश्न : वाय-फायचा पोर्टेबल प्रिंटर घेतला. त्याला ना स्क्रीन ना कीबोर्ड, मग राउटरचा पासवर्ड द्यायचा कसा? आणि जोडल्यावर तो टिकावा यासाठी काय करायचं?

बहुतेक वेळा दोन वाटा असतात. एक, यूएसबीने जोडून उत्पादकाच्या सेटिंग प्रोग्रॅममधून नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड भरायचा. दोन, प्रिंटर स्वतःचं तात्पुरतं वाय-फाय सुरू करतो. फोन त्याला जोडायचा, चाचणी-पट्टीवरचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा आणि उघडलेल्या पानावर माहिती भरायची. राउटरवर डब्ल्यूपीएसचं बटण असेल तर तिसरीही वाट आहे : एकीकडचं बटण दाबल्यापासून दोन मिनिटांत दुसरीकडचं दाबायचं. आम्हाला पहिली वाट सर्वांत खात्रीची वाटते, कारण चुकलेला पासवर्ड तिथे डोळ्यांनी वाचता येतो.

प्रिंटरला नेटवर्क सापडतच नसेल, तर ते ५ गिगाहर्ट्झचं असेल. छोट्या प्रिंटरपैकी बऱ्याच जणांना २.४ गिगाहर्ट्झच कळतं. सापडतं पण पासवर्ड बरोबर असूनही नाकारतं, तर राउटरवर सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ ठेवली आहे का पाहा; डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवली की जुने प्रिंटरही आत येतात. आणि पाहुण्यांसाठीचं नेटवर्क देऊ नका. त्यात एका उपकरणाला दुसरं दिसू न देण्याची भिंत असते. प्रिंटर जोडला जातो, पण फोनला कधीच भेटत नाही.

टिकण्याचा प्रश्न पत्त्याचा आहे. राउटर पत्ते उधारीवर देतो. प्रिंटर रात्रभर बंद राहिला की सकाळी त्याला १९२.१६८.१.५० ऐवजी दुसराच पत्ता मिळू शकतो, आणि संगणक जुन्या दारावर टकटक करत राहतो. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये प्रिंटरचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा क्रमांक, नोंदवून त्याच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवा. प्रिंटरमध्येच पत्ता कायम करता येतो, पण मग राउटर तोच पत्ता भलत्याला देण्याची शक्यता उरते. राखीव पत्ता बरा.

पुढे विंडोजवर प्रिंटर जोडताना आपोआप सापडलेला डब्ल्यूएसडी पोर्ट घेऊ नका. 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा, पत्ता टाका, प्रकार 'रॉ' आणि पोर्ट क्रमांक ९१०० ठेवा. त्याच पानावर 'एसएनएमपी स्टेटस' अशी खूण असते. छोट्या प्रिंटरला एसएनएमपीची, म्हणजे हालहवाल विचारायची, भाषा येत नसेल, तर विंडोज विचारतं, उत्तर येत नाही आणि चालू प्रिंटर 'ऑफलाइन' ठरतो. ती खूण काढा.

रस्ता मोकळा आहे का हे ड्रायव्हरशिवायही कळतं. आधी पत्त्याला पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते पिंग या आज्ञेने पाहा. मग ब्राउझरमध्ये एचटीटीपीसह प्रिंटरचा पत्ता आणि पुढे विसर्गचिन्हासारखी खूण देऊन ९१०० टाका. पान उघडणार नाही, पण प्रिंटरमधून इंग्रजी किंवा गिचमिड अशा काही ओळी निघाल्या, तर नेटवर्क निर्दोष आहे. चूक ड्रायव्हर किंवा ॲपमध्ये शोधा. यावरून हेही लक्षात आलं असेल की ९१०० ला पासवर्ड नसतो. त्या नेटवर्कवरचा कोणीही छापू शकतो.

प्रश्न : राउटर नसताना फोन थेट प्रिंटरच्या वाय-फायला जोडतो. जोडलेला दिसतो, छापत नाही.

त्या वाय-फायवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि पावती प्रिंटरऐवजी बाहेरच्या जगात पाठवायला बघतो. 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का' असं फोन विचारतो तेव्हा 'हो' म्हणा. तरीही जमलं नाही, तर छापेपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवा.

प्रश्न : वजनकाट्याला नऊ पिनांचा सिरियल सॉकेट आहे. त्याला पोर्टेबल प्रिंटर जोडायचा आहे. केबल कोणती?

तीन तारा पुरतात : पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये ग्राउंड ५ वर असतं. २ आणि ३ यांपैकी कोणती पाठवायची हे मात्र उपकरणावर ठरतं, म्हणून मोजून घ्या. काटा चालू करा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी कांडी ५ वर. २ किंवा ३ पैकी जिच्यावर शांत असताना उणे ५ ते उणे १२ च्या आसपास व्होल्ट दिसतील ती पाठवायची पिन. ती प्रिंटरच्या घ्यायच्या पिनला जोडायची.

उण्याऐवजी अधिक ३.३ किंवा अधिक ५ व्होल्ट दिसले, तर तो आरएस-२३२ (सिरियलची जुनी, जास्त व्होल्टची पद्धत) नाही, टीटीएल (कमी व्होल्टची पद्धत) आहे. दोन्ही एकमेकांना थेट जोडू नका. आरएस-२३२ चे व्होल्ट टीटीएल पिनवर गेले तर चिप जळते. मध्ये मॅक्स३२३२ सारख्या चिपची छोटी पट्टी घाला.

प्रिंटरच्या बाजूला लँडलाइन फोनच्या वायरसारखा चौकोनी सॉकेट असेल, तर दुसऱ्या कंपनीची केबल बसते म्हणून लावू नका. पिनांचा क्रम प्रत्येकाचा निराळा असतो, आणि एखाद्या पिनवर चार्जिंगची वीजही असू शकते.

तारा जुळल्या की दोन्हीकडचा वेग, आठ बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट हे जुळवा. वेग बदलायचा तर प्रिंटरचा बदला. काट्याच्या सेटिंगला हात लावला तर त्याला जोडलेलं दुसरं काही बंद पडू शकतं.

प्रश्न : यूएसबी लावलेली असताना ब्लूटूथवरून छापता येतं का?

काही प्रिंटरवर येतं, बऱ्याच प्रिंटरवर संगणकाची यूएसबी लागली की ब्लूटूथ गप्प बसतं. चार्जिंग चालू ठेवून फोनवरून छापायचं असेल, तर संगणकाऐवजी चार्जरला लावा. तिथे माहिती पाठवणारं कोणी नसल्यामुळे ब्लूटूथ मोकळं राहतं.